‘भात खंय गोड लागता?’ : आरोग्य साक्षरता आणि पेशंटचं बरं होणं

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने प्रोजेक्टसाठी विचारलंय की आरोग्य साक्षरतेचा पेशंटच्या आजारावर खरंच फरक पडतो का, की हे गरिबी आणि कमी शिक्षणाचंच नवं नाव आहे, आणि आपल्या कोकणात तर बहुतेक लोक शिकलेले आहेत मग इथे हा प्रश्न कितपत आहे. मी सिंधुदुर्गात २६ वर्षं प्रॅक्टिस करतेय, सुरुवातीची सहा प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मग स्वतःची ओपीडी, देवगड-कणकवली पट्ट्यातले पेशंट जास्त, आणि या विषयावर मला मनापासून बोलायचं असतं त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी सरळ सांगते. फरक पडतो, आणि तो शुगर-बीपीच्या आकड्यांपासून हॉस्पिटलात भरती होण्यापर्यंत, अगदी मरणापर्यंत दिसतो. गरिबीशी आणि शाळेशी त्याचं नातं आहे, पण तो वेगळा मोजता येतो आणि आपण मनावर घेतलं तर बराचसा दवाखान्यातच सुधारता येतो.

एक आजी होत्या, सत्तरीच्या. चौथी शिकलेल्या, पेपर रोज वाचायच्या, पोथी तर घडाघडा. इन्सुलिन सुरू केलं, सकाळी २० युनिट. महिन्याने शुगर तीनशेच्या वर. मी डोस २८ केला. पुन्हा तीनशेच्या वर. मी जरा चिडूनच विचारलं, आजी इंजेक्शन चुकवत नाही ना, तर म्हणाल्या, "नाय गो बाय, एक दिस पण चुकवूक नाय." तिसऱ्या वेळी मी म्हटलं पिशवीतलं सामान काढा आणि माझ्यासमोर भरून दाखवा. त्यांनी नारिंगी टोपीची सिरिंज काढली, झिलान (मुलाने) मुंबयसून धाडलेली, चांगली बारीक सुईची. आता आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, त्याला लाल टोपीची सिरिंज लागते, नारिंगी टोपीची असते ती १०० च्या इन्सुलिनसाठी. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज अशी जोडी जमली की २८ च्या खुणेपर्यंत भरलं तरी शरीरात जातात जेमतेम ११ युनिट. आजी रोज न चुकता, मी सांगितलेल्या आकड्यापर्यंत बरोबर भरून, कमी औषध घेत होत्या. आणि खरी भीती वेगळीच होती, त्या मधल्या काळात मेडिकलवाल्याने लाल टोपीची सिरिंज दिली असती तर त्या एका सकाळी ११ वरून थेट २८ वर गेल्या असत्या आणि शुगर एवढी उतरली असती की घरात एकटी बाई, कोणाला कळलंही नसतं. यात आजींचं काय चुकलं? मी दोन महिने आकडा वाढवत राहिले, सिरिंज बघितली नाही. चूक माझी होती आणि ती मी आजही विसरलेले नाही.

आरोग्य साक्षरता म्हणतात ती हीच. आरोग्याची माहिती मिळवणं, ती समजणं, खरी की खोटी ते पारखणं आणि आपल्या घरात, आपल्या पैशात, आपल्या वेळेत ती वापरता येणं. डॉन नटबीम नावाच्या अभ्यासकाने २००० साली तिच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या मला रोजच्या कामात पटतात. पहिली म्हणजे चिठ्ठी-लेबल वाचून वागता येणं, दुसरी डॉक्टर-नर्सशी बोलून, विचारून आपलं काम करून घेता येणं, आणि तिसरी म्हणजे माहितीला प्रश्न विचारता येणं. आजींकडे पहिली होती. "ही सिरिंज वेगळी दिसते, चालेल ना?" हे विचारायची दुसरी नव्हती, आणि ती नसण्यात ओपीडीतल्या गर्दीचा आणि माझ्या घाईचा मोठा वाटा होता.

आता "कोकणात लोक शिकलेले आहेत" याबद्दल. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची साक्षरता ८५.५६ टक्के होती, राज्याच्या ८२.३४ पेक्षा वर. पण जनगणनेत साक्षर म्हणजे समजून वाचता-लिहिता येणं, कुठल्याही भाषेत, बस. औषधाच्या स्ट्रिपवर मात्र इंग्रजी, रिपोर्टवर इंग्रजी, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड घ्या, इंग्रजी. आणि तिसऱ्या पायरीवर तर शिकलेली माणसंही घसरतात. माझे एक पेशंट निवृत्त मास्तर, अत्यंत हुशार, हार्ट अटॅकनंतर चालू असलेली कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी मोबाईलवर आलेला एक व्हिडिओ बघून बंद केली आणि मला आठ महिन्यांनी सांगितलं. वाचता येत होतं म्हणूनच तो व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला आणि त्याखालचा मजकूर त्यांना खरा वाटला. त्यामुळे पेशंटचं शिक्षण विचारून त्याला किती कळेल याचा अंदाज बांधू नका.

अभ्यास काय सांगतात ते थोडं सांगते, प्रोजेक्टला लागेल. आकडे अमेरिकेतले आहेत, ते तसेच्या तसे आपल्याला लावायचे नाहीत, पण त्यामागची गोष्ट ओळखीची वाटते. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ३९५ पेशंटना औषधाची लेबलं वाचायला दिली. एका लेबलवर होतं, दोन गोळ्या दिवसातून दोनदा. कमी साक्षरतेच्या गटातल्या ७०.७ टक्के लोकांनी ती सूचना बरोबर सांगितली. मग त्यांना म्हटलं दिवसभरात किती गोळ्या घ्याल त्या मोजून दाखवा, तर बरोबर दाखवणारे फक्त ३४.७ टक्के! म्हणजे बरोबर सांगणाऱ्यांतल्या साधारण निम्म्यांना तोंडपाठ होतं पण हाताला जमलं नाही. ओपीडीत आपण "समजलं ना?" विचारतो आणि पेशंट सूचना परत म्हणून दाखवतो, त्यावर किती विश्वास ठेवायचा ते यावरून ठरवा.

दुसरा बेकरचा, २००७ चा, ६५ च्या वरचे ३२६० लोक, साधारण साडेपाच वर्षं पाठपुरावा. चांगली आरोग्य साक्षरता असलेल्यांपैकी १८.९ टक्के त्या काळात वारले, अपुरी असलेल्यांपैकी ३९.४ टक्के. आता तुम्ही म्हणाल अपुरी असलेले जास्त म्हातारे आणि जास्त गरीब असतील, बरोबर आहे, होतेच, पण वय, उत्पन्न, आधीचे आजार हे सगळं हिशोबात धरूनही धोका साधारण दीडपट उरला, आणि शाळेत किती वर्षं गेली यापेक्षा आज प्रत्यक्ष वाचून किती समजतं हे मरणाशी जास्त घट्ट जोडलेलं निघालं. "हे शिक्षणाचंच नवं नाव आहे का" याला माझ्या माहितीत एवढं थेट उत्तर दुसरं नाही. शिलिंगरच्या २००२ च्या अभ्यासात, डायबेटिसचे ४०८ पेशंट, ज्यांची समज कमी त्यांची शुगर जास्त बिघडलेली आणि डोळ्याच्या पडद्याचा त्रासही जास्त. हे सगळं संबंध दाखवणारं काम आहे, एकामुळेच दुसरं झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, प्रोजेक्टमध्ये हे वाक्य नक्की लिहा.

पण कशामुळे होतं हे बघायचं तर अभ्यासापेक्षा स्वयंपाकघरात जावं लागतं. मी एका काकींना सांगितलं होतं गोड बंद. त्यांनी इमानदारीत बंद केलं, "साखर सोडलंय मॅडम, च्याय पण कोरी पितंय." शुगर काही उतरेना. दिवसभरात काय काय खाता ते विचारलं तर सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री भात. म्हटलं काकी भात कमी करायला हवा, तर माझ्याकडे आश्चर्याने बघून म्हणाल्या, "भात खंय गोड लागता?" त्यांचं बरोबरच होतं. मी "गोड" म्हटलं होतं आणि गोड हे जिभेला कळतं. पिठूळ पदार्थांचं पोटात गेल्यावर काय होतं हे मी कधी बोललेच नव्हते. तेव्हापासून मी "गोड बंद" हे दोन शब्द वापरणं सोडलं. भाताचा वाटा ताटात हाताने दाखवते, आणि पेजेबद्दल वेगळं बोलते, कारण पेज हे आपल्याकडे जेवण आहे की नाही यावरच घोळ होतो. "जेवणानंतर एक गोळी" लिहिलं की कोणी ती पेजेनंतर घेतं, कोणी दुपारी, कोणी दोन्ही वेळा. मिठाचंही तेच, "मीठ कमी" म्हटलं की आमटीत चिमूट कमी टाकतात, पण पावसाळ्यात रोज सुकी मासळी आणि खारातली कैरी चालूच, कारण ते मीठ नव्हे, ते कालवण.

शब्द किती महत्त्वाचा आहे याचं टीबीचं उदाहरण फार बोलकं आहे. आरोग्य केंद्रात असताना आमच्याकडे तपासणीसाठी "थुंकी आणा" असं सांगायचे आणि लोक सकाळी डबीत खरोखर थुंकी आणायचे, लाळ. त्यात जंतू सापडायचे नाहीत, रिपोर्ट निगेटिव्ह, आणि खोकला चालूच. "छातीतून खोकून बेडका काढा" म्हटलं, एकदा करून दाखवलं, की नमुना सुधारायचा. आणि निगेटिव्ह म्हणजे वाईट असं समजून रडलेली माणसं मी पाहिलीत, तसंच गाठीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून पेढे आणायच्या गोष्टी करणारा मुलगाही पाहिलाय. त्या दिवशी त्याला समजावून सांगणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात जड काम होतं.

बीपीबद्दल बोलायलाच हवं. "माका आता काय होणा नाय, मगे गोळी कित्याक?" हे मी आठवड्यातून दहा वेळा ऐकते. दुखलं की औषध, थांबलं की बंद, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब आहे आणि सर्दी-तापाला तो चालतोही. बीपी काही जाणवू न देता वाढतं, त्यामुळे तिथे तो हिशोब उलटतो आणि मग एक दिवस अर्धांग. यात चाकरमान्यांच्या येण्याजाण्याची भर. गणपतीत किंवा शिमग्याला मुलगा येतो, आईला मुंबईला नेऊन दाखवतो, तिथली चिठ्ठी वेगळी, कंपनी वेगळी, गोळीचा रंग वेगळा, औषध मात्र तेच, ॲम्लोडिपिन. आई गावी परत येते आणि इथलीही चालू, तिथलीही चालू. पाय सुजतात, चक्कर येते, कोणीतरी तिसरा डॉक्टर सुजेसाठी लघवी होण्याची गोळी देतो. आणि मेडिकलवाल्याने स्ट्रिप कापून दिलेली, नावाचा तुकडा त्याच्याकडेच राहिलेला, म्हणजे ओळखायची सोय नाही. अशा पिशव्या मी टेबलावर ओतून घेते.

साथींच्या आणि अपघातांच्या बाबतीत तर समज म्हणजे तासांचा प्रश्न. लेप्टोचं घ्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणारा ताप. लावणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, आशाताई घरोघर जाऊन वाटतात. बरेच लोक त्या ताप आल्यावर घ्यायला जपून ठेवतात, "ताप नाय तर गोळी कशाक?" हे पुन्हा तेच गणित. काही जण रिकाम्या पोटी घेतात, मळमळतं, उलटी होते, की पुढच्या आठवड्यापासून बंद. जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची हे एक वाक्य गोळीबरोबर गेलं असतं तर गोळी पोटात राहिली असती. फुरशाचंही तसंच. सड्यावर गवत कापताना फुरसं चावतं, घरचे वर दोरी करकचून बांधतात, ब्लेडने चिरा देतात. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, अशा माणसाला चिरा दिल्या तर रक्त वाहतच राहतं. मग साप मारून पिशवीत घालून आणायचा म्हणून अर्धा तास जातो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच इंजेक्शन चालतं, साप बघायची गरज नसते, काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून गोठतं का ते बघितलं की विषाचा रक्तावर परिणाम झालाय का ते कळतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून कितीतरी जीव वाचवले, पण ती गोळीसुद्धा माणूस मंत्र घालून घेण्यात रात्र न घालवता पोचला तरच कामाची.

विषमतेचा प्रश्न इथे येतो. देवगडच्या आंब्याच्या बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून किती नेपाळी माणसं आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्यातला एखादा माझ्याकडे येतो, मी मोडक्या हिंदीत बोलते, तो मान डोलावतो, आणि मला ठाऊक असतं की निम्मं पोचलेलं नाही. बागेचा मालक बरोबर असेल तर पेशंट त्याच्यासमोर तोंडच उघडत नाही. दुसऱ्या टोकाला गावात एकट्या राहणाऱ्या बायका, ज्यांचा प्रत्येक निर्णय "झिलाक फोन करतंय" वर थांबतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन गणपतीपर्यंत, मग शिमग्यापर्यंत. दोडामार्ग तालुक्यात २०१६ ला माकडतापाची साथ आली तेव्हा काजूच्या हंगामात रानात जाणारी माणसं आजारी पडली. गोचिडीपासून जपा हे सांगणं सोपं आहे, पण ज्याची वर्षाची कमाई त्या चार महिन्यांच्या रानात आहे त्याला "रानात जाऊ नका" म्हणून काय उपयोग, अंगाला काय लावायचं, कपडे कसे घालायचे, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कोणाला सांगायचं, हे सांगितलं तर तो वापरू शकतो.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहा. समज वाढवली की विषमता आपोआप मिटते असा पुरावा पक्का नाही, निष्कर्ष मिश्र आहेत. ज्याला सगळं कळलंय पण सकाळची एसटी चुकली तर दिवसाची मजुरी जाते, त्याला मी अजून काय समजावणार? बांबुळीला, म्हणजे गोव्याच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पाठवलेला पेशंट गेला नाही तर दर वेळी ते अज्ञान नसतं. म्हणून मला वाटतं पेशंटची समज वाढवण्याइतकंच आपण त्याच्याकडून किती समजेची अपेक्षा करतोय ते कमी करणंही महत्त्वाचं आहे. २०१७ च्या शेवटी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, त्यात सुरुवातीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे सगळ्यांसाठी ठरलेली थोडीच औषधं आणि पुढच्या गोळ्या घराजवळ मिळण्याची सोय. गोळी दर वेळी तीच असेल आणि उपकेंद्रात मिळत असेल तर पेशंटला लक्षात ठेवायचं निम्मं कमी होतं.

दवाखान्यात मी काय करते? "समजलं का?" विचारत नाही, त्याला उत्तर "होय" हेच येतं. मी विचारते, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" किंवा "उद्या सकाळी पहिली कुठली गोळी, दाखवा बघू." शिलिंगरच्याच २००३ च्या अभ्यासात ६१ भेटींपैकी फक्त १२ भेटींत डॉक्टरांनी पेशंटला काय कळलं ते तपासलं होतं, आणि ज्यांचं तपासलं त्यांची शुगर जास्त आटोक्यात होती. याला वेळ लागतो ही तक्रार मी स्वतः बरीच वर्षं केली. लागतो एक-दीड मिनिट. एका भेटीत तीनच्या वर गोष्टी सांगत नाही, सकाळच्या स्ट्रिपवर सूर्य आणि रात्रीच्या स्ट्रिपवर चंद्र पेनाने काढून देते, आणि "चष्मो घराक रवलो" असं कोणी म्हटलं की पुढे कागद करतच नाही. वाचता न येण्याची लाज किती खोल असते ते नवीन मुलींना लवकर कळत नाही. बाकी सगळ्यांशीही तसंच सोपं बोलायचं, इंजिनिअर असला तरी, कारण आजारी माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्याला कमीच ऐकू येतं.

प्रोजेक्टसाठी माझा सल्ला एवढाच की मोठी प्रश्नावली वाटत बसू नका, लोक खूश करणारी उत्तरं देतात. तुमच्या केंद्रातले शुगरचे किंवा बीपीचे वीस पेशंट घ्या, त्यांची परवानगी घ्या, घरच्या माणसासमोर नको, एकेकटे बसवा. काल दिवसभर कुठली गोळी कधी घेतली ते त्यांच्याच गोळ्या मांडून दाखवायला सांगा, आणि ते चिठ्ठीशी ताडून बघा. बोलणं जसं आहे तसं मालवणीत उतरवून घ्या, सुधारू नका. आणि येताना औषधांची पिशवी आणायला सांगा, सगळी, जुन्या कापलेल्या स्ट्रिप्स आणि सिरिंजसकट.